खाण्याचे नखरे आहेत? मग हॉटेलचा रिव्ह्यू कसा लिहायचा, नाशिकच्या मिसळीवरून समजून घ्या

रविवारची सकाळ. नाशिकमध्ये ग्रुप मिसळ खायला निघतो. त्यात एक जण असा असतोच, ज्याला कच्चा कांदा चालत नाही, भिजलेलं फरसाण आवडत नाही आणि तर्री बघूनच घाम फुटतो. तो अर्धी प्लेट सोडतो आणि घरी येऊन एक स्टार देतो. पण यात हॉटेलची चूक किती?

'पिकी ईटर' म्हणजे कोण?

ठरावीकच पदार्थ खाणारी माणसं. घरात याला 'नखरे' म्हणतात, पण दरवेळी ते नखरेच असतात असं नाही. अनोळखी पदार्थ टाळण्याच्या वृत्तीला 'फूड निओफोबिया' म्हणतात. ती मोजण्यासाठी प्लायनर आणि हॉब्डन या संशोधकांनी १९९२ मध्ये प्रश्नावली तयार केली. काहींना कडू चव इतरांपेक्षा तीव्र लागते. त्यांना 'सुपरटेस्टर' म्हणतात. आणि खाणं टाळल्यामुळे वजन किंवा पोषणावर परिणाम होत असेल, तर तो 'एआरएफआयडी' हा विकार असू शकतो. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदान-पुस्तिकेत त्याचा समावेश केला. अशा वेळी टोमणे मारण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवलेलं बरं.

मिसळ यांच्यासाठी सोयीची का?

कारण ती ताटातच जुळवायची असते. उसळ, फरसाण, रस्सा, कांदा, लिंबू, पाव आणि बऱ्याच ठिकाणी पापड-दही. त्यामुळे 'रस्सा वेगळा द्या, फरसाण वरून घालू नका' असं ऑर्डर देतानाच सांगता येतं. तिखट झेपत नसेल तर तर्री कमी घ्यावी आणि दही जवळ ठेवावं. मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून पाण्यापेक्षा दह्याने जास्त आराम पडतो.

गोंधळ होतो तो इथे: 'कांदा नको' म्हटलं की वरचा कच्चा कांदा जातो, वाटणातला नाही. लाल असो वा काळा, रश्श्याच्या वाटणात सहसा कांदा, लसूण आणि सुकं खोबरं असतं. तोही नको असेल तर 'जैन मिसळ आहे का?' असं विचारावं.

अ‍ॅलर्जी असेल तर?

'आवडत नाही' आणि 'अ‍ॅलर्जी आहे' यातला फरक स्पष्ट सांगावा. फरसाणात शेंगदाणे असू शकतात. एफएसएसएआयच्या नियमानुसार जुलै २०२२ पासून मोठ्या हॉटेल साखळ्यांना, म्हणजे १० किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांना, पदार्थांच्या कॅलरी आणि अ‍ॅलर्जीची माहिती द्यावी लागते. कोपऱ्यावरच्या मिसळवाल्याला हा नियम लागू होत नाही. तिथे विचारणं हाच उपाय.

एका स्टारने काय बिघडतं?

समजा, नव्या हॉटेलला २० रिव्ह्यू आहेत आणि सरासरी ४.५ आहे. त्यात एक स्टारचा एक रिव्ह्यू आला की साध्या हिशेबाने सरासरी ४.३ वर येते. दोन हजार रिव्ह्यू असलेल्या हॉटेलला त्याने काहीच फरक पडत नाही. म्हणजे फटका बसतो तो छोट्यालाच.

मग रिव्ह्यूत काय लिहावं?

- आधी स्वतःची आवड सांगा: 'मी तिखट कमी खातो, कच्चा कांदा खात नाही.'
- काय मागितलं आणि काय मिळालं ते लिहा.
- रस्सा वेगळा मिळतो का, जैन पर्याय आहे का, तिखट कितपत, हे नोंदवा.
- स्वच्छता, वागणूक आणि बिल यांचं मत वेगळं द्या.
- न आवडलेल्या पदार्थासाठी स्टार कापू नका. सांगूनही ऐकलं नाही, तर जरूर कापा.

'बकवास मिसळ' वाचून कोणालाच काही कळत नाही. 'रस्सा वेगळा देतात, पण तर्री कमी करून मागा' या एका ओळीने मात्र तशाच दुसऱ्या कुणाची रविवारची सकाळ सुखाची होते.