बिजाचे पाणी आणि प्रथिनांवरची खूण

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत सागाच्या सोबतीने बिजा वाढतो. त्याच्या गाभ्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी मधुमेहावर पिण्याची रीत जुनी आहे. ते पाणी तांबूस दिसते. पण उन्हात धरून तिरके पाहिले की त्यावर निळी झाक उमटते. पदार्थाने एका रंगाचा प्रकाश शोषावा आणि दुसऱ्या रंगाचा परत द्यावा, या गुणाला आज आपण प्रतिदीप्ती म्हणतो.

ग्रंथांतला प्रतिदीप्तीचा इतिहास मात्र स्पेनमध्ये सुरू होतो. १५६५ साली सेव्हिलचे वैद्य निकोलास मोनार्देस यांनी मेक्सिकोहून येणाऱ्या एका लाकडाच्या निळ्या पाण्याची नोंद केली. तेही औषधच होते, मूत्रविकारांवरचे. आणि ते झाड बिजाच्याच शिंबी कुळातले. १८५२ मध्ये केंब्रिजच्या स्टोक्स यांनी या चमकेचा नियम मांडला. १८७१ मध्ये जर्मनीत अडोल्फ फॉन बायर यांनी फ्लोरेसीन हा रंग प्रयोगशाळेत तयार केला.

परंतु नुसती चमक म्हणजे खूण नव्हे. पाण्यात विरघळलेला रंग कशालाच धरून राहत नाही. १९४१ साली हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंड या प्रथिनाला एक चमकणारा रेणू रासायनिक बंधाने जोडला आणि तो जोडूनही प्रतिपिंडाची आपले लक्ष्य ओळखण्याची शक्ती टिकते, हे दाखविले. अडचण वेगळीच निघाली. तो रेणू निळा चमके, आणि शरीरातील ऊतीही स्वभावतः निळसर चमकतात. खूण पार्श्वभूमीत बुडून जाई. म्हणून १९४२ मध्ये त्यांनी हिरवट चमकणारे फ्लोरेसीन निवडले आणि ऊतींमध्ये दडलेले न्यूमोकोकसचे अंश सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागले. १९५८ पासून फ्लोरेसीनचे अधिक टिकाऊ व हाताळण्यास सोपे रूप प्रचारात आले. आजही प्रयोगशाळांत ते वापरले जाते.

साहित्याच्या अभ्यासकाला या कथेत एक ओळखीचा प्रश्न दिसावा. बिजाची चमक पेल्यात होतीच, पण वापरातले ज्ञान लेखणीला बांधले गेले नाही, तर इतिहास त्याला पाहत नाही. मोनार्देसचे लाकूड ग्रंथात आले, म्हणून ते आरंभ ठरले. म्हणून प्रतिदीप्तीचा शोध आमच्याच रानात लागला, असा दावा आम्ही करणार नाही; झाक पाहणे आणि तिचा नियम सांगणे यांत अंतर आहे. मात्र ग्रंथातल्या पहिल्या नोंदीलाच पहिले पाहणे समजू नये, एवढे आपण बिजाकडून शिकावे.