तारेने गेलेली फुले

कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभे राहून फुलांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. संप, टाळेबंदी, बोनस हे आमचे नेहमीचे विषय. पण फूलही शेवटी कोणीतरी खुडलेले, कोणीतरी बांधलेले आणि कोणीतरी पोहोचवलेले असते. तेव्हा आम्ही आमच्या हद्दीबाहेर गेलो आहोत असे समजू नये. मोठ्या शहरातल्या माणसाला लहान गावातल्या आपल्या जिव्हाळ्याच्या माणसाला वाढदिवसाची फुले पाठवावीशी वाटली, तर ती जातात कशी, ही सोय कोणी काढली आणि तिच्यासाठी पायपीट कोणी केली, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

फुलाची अडचण उघड आहे. लुगडे पाठवा, खेळणे पाठवा, लाडूंचा डबा पाठवा. पार्सल आठ दिवसांनी पोहोचले तरी चालते. फूल मात्र वाटेतच मान टाकते. यावर माणसाने जी युक्ती काढली ती फार साधी आहे. फूल पाठवायचेच नाही, फक्त निरोप पाठवायचा; आणि ज्या गावी तो निरोप जाईल त्याच गावच्या फुलवाल्याने आपल्या दुकानातली ताजी फुले त्या घरी नेऊन द्यायची. पैशाचा हिशोब दुकानदारांनी मागाहून आपसांत मिटवायचा. आपल्याकडच्या जुन्या हुंडीचीच ही रीत आहे. हुंडीत नाणे जागचे हलत नाही आणि येथे फूल हलत नाही. दोन्ही ठिकाणी प्रवास होतो तो विश्वासाचा.

या व्यवहाराची सुरुवात सांगण्याआधी ग्राफ्टन या गावाची हकीकत सांगितली पाहिजे. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातले हे लहानसे रेल्वेचे गाव. आम्हाला या मुलखाचे नाव प्रथम माहीत झाले ते निराळ्याच कारणाने. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने पगार कापले म्हणून १८७७ च्या जुलैत याच राज्यातल्या मार्टिन्सबर्गला कामगारांनी गाड्या अडवल्या आणि बघता बघता तो संप निम्म्या देशात पसरला. ग्राफ्टन हे त्याच रेल्वेवरचे ठाणे. या भागात ॲन रीव्ज जार्व्हिस नावाची एक बाई राहत असे. तिची बहुतेक मुले बालपणीच दगावली. चारच काय ती वाढली. त्या दुःखाने घरात बसून न राहता तिने १८५८ च्या सुमारास गावोगावच्या आयांची मंडळे काढली. दूध तपासणे, घर स्वच्छ ठेवणे, औषधाला पैसे जमवणे आणि क्षयाने अंथरुण धरलेल्या आईच्या घरी कामाला मदतनीस बाई लावून देणे, ही या मंडळांची कामे. यादवी युद्धात तिने दोन्ही बाजूंच्या जखमी सैनिकांची शुश्रूषा करवली. आमच्या मते ही बाई उत्तम संघटक होती. आमच्या धंद्यातली होती म्हणा ना!

ती ९ मे १९०५ रोजी वारली. तिची मुलगी ॲना तेव्हा फिलाडेल्फिया या मोठ्या शहरात राहत होती. तिने आईच्या नावाने एक दिवस पाळण्याचे मनावर घेतले आणि १० मे १९०८ रोजी ग्राफ्टनच्या ज्या चर्चमध्ये आई मुलांना शिकवीत असे, तेथे पहिली प्रार्थनासभा भरली. ॲना स्वतः त्या सभेला गेली नाही. तिने एक तार पाठवली आणि पाचशे पांढरी कार्नेशनची फुले पाठवली. आईचे ते आवडते फूल. शहरातल्या लेकीने लहान गावी पाठवलेल्या या फुलांतून अमेरिकेचा ‘मातृदिन’ निघाला आणि १९१४ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी त्याला सरकारी मान्यता दिली.

आता दुसरी बाजू पाहा. ग्राफ्टनच्या सभेनंतर दोनच वर्षांनी, १९१० च्या ऑगस्टमध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरी फुलवाल्यांचे अधिवेशन भरले होते. तेथे जमलेल्या मूठभर दुकानदारांनी एकमेकांच्या ऑर्डरी तारेने घ्यायच्या आणि पुऱ्या करायच्या असा करार केला. डेन्व्हरचे जॉन व्हॅलेंटाइन हे त्यांचे पुढारी. ‘फ्लोरिस्ट्स टेलिग्राफ डिलिव्हरी’ असे संस्थेचे नाव ठेवले. ही संस्था सभासद दुकानदारांच्याच मालकीची होती, म्हणजे आपल्या भाषेत सहकारी. ऑर्डर घेणाऱ्याने किमतीचा साधारण पाचवा हिस्सा ठेवायचा आणि बाकीचा फुले देणाऱ्याला पाठवायचा, अशी वहिवाट पुढे पडली. मधल्या हिशोबासाठी मध्यवर्ती कचेरी झाली. लहान गावच्या फुलवाल्याला याचा मोठा आधार झाला, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. एरवी त्याचे गिऱ्हाईक गावातले लग्न आणि गावातले मरण एवढेच. आता शिकागोला नोकरीला गेलेला मुलगाही त्याचे गिऱ्हाईक झाला.

१९१७ मध्ये बोस्टनचे फुलवाले हेन्री पेन आणि जाहिरातवाले पॅट्रिक ओकीफ यांनी ‘फुलांतून सांगा’ अशा अर्थाची चार शब्दांची घोषणा काढली आणि ती जगभर गेली. युरोपात बर्लिनच्या मॅक्स ह्यूब्नर यांनी १९०८ मध्येच असा उद्योग मांडला होता. त्यातून १९२७ साली ‘फ्लेरॉप’ निघाले. इंग्लंडची शाखा १९२३ ची. १९४६ मध्ये या सगळ्यांचे मिळून ‘इंटरफ्लोरा’ झाले. ही नामावळी येथेच पुरे.

सांगण्याजोगे आहे ते ॲनाचे भांडण. तिला वाटत होते की मुलाने आईला स्वतःच्या हाताने पत्र लिहावे, फार तर एखादे पांढरे फूल लावावे. बाजाराने मे महिन्यात कार्नेशनचे भाव चढवले, तेव्हा ती फुलवाल्यांच्या, मिठाईवाल्यांच्या आणि कार्डवाल्यांच्या अंगावर धावून गेली. १९२५ मध्ये फिलाडेल्फियात एका संस्थेच्या मेळाव्यात कार्नेशनची विक्री चालली होती. तेथे जाऊन तिने गोंधळ घातला म्हणून पोलिसांनी तिला धरले. १९३४ मध्ये सरकारने मातृदिनाचे तिकीट काढले, त्यावर पांढरी कार्नेशन छापली म्हणूनही ती चिडली. जवळचा पैसा या लढाईत संपवून ती १९४८ मध्ये एका आरोग्यभवनात वारली. तिच्या बाजूने आमचे मन ओढ घेते, पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आईने बायकांची संघटना बांधून काम केले. मुलगी एकटीने लढली. एकटीने बाजाराशी लढणाऱ्याचे काय होते ते आम्हाला तीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे.

आता त्या पायांकडे येऊ. तार दुकानात पोहोचवणारा आणि पुष्कळदा फुलांचा पुडाही घेऊन धावणारा तो तारवाला पोऱ्या. वेस्टर्न युनियन आणि पोस्टल टेलिग्राफ या कंपन्यांकडे अशी हजारो मुले होती, कित्येक बारा-तेरा वर्षांची. पगार दर तारेमागे, आणि गणवेशाचे पैसे त्यातूनच कापलेले. तार नसेल तेव्हा बाकावर बसून राहायचे. त्या बसण्याचा छदामही नाही. लुईस हाइन हे गृहस्थ आधी शाळामास्तर होते. राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी त्यांनी या मुलांची छायाचित्रे काढली आणि रात्री-अपरात्री ही पोरे कसकसल्या वस्त्यांत पाठवली जातात ते लोकांपुढे मांडले. परिणामी न्यूयॉर्क राज्याने कायदा केला: मोठ्या शहरांत रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत एकवीस वर्षांखालच्या मुलाला तारा वाटायला लावायचे नाही. हा कायदा १९१० चाच! रॉचेस्टरचा करार आणि हा कायदा एकाच राज्यात, एकाच साली झाला. फुलांच्या धंद्याच्या गौरवग्रंथांत पहिला सापडतो, दुसऱ्यासाठी बालकामगारांचा इतिहास उघडावा लागतो. त्याआधी १९०७ मध्ये तारमास्तरांनी पगारवाढ आणि आठ तासांचा दिवस मागून संप केला होता. ऑगस्टात सुरू झालेला तो संप नोव्हेंबरपर्यंत मोडला.

पुढे मंदी आली, तशी तार कंपनीने वाढदिवसालाच हात घातला. २८ जुलै १९३३ रोजी रूडी व्हॅली या गायकाच्या वाढदिवसाची तार वेस्टर्न युनियनच्या एका ऑपरेटर मुलीने टेलिफोनवर गाऊन दाखवली. तेथून गाणाऱ्या तारांची चाल पडली, आणि पोऱ्यांना दारात उभे राहून गावेही लागू लागले.

आपल्या देशात तारेचे नाते आनंदाशी कमी. खेड्यात तारवाला दिसला की पाकीट फोडण्याआधी घरात रडे सुरू होई. सरकारने सणांच्या, लग्नाच्या, वाढदिवसाच्या ठरावीक वाक्यांना क्रमांक देऊन स्वस्त शुभेच्छा-तारा काढल्या, तेव्हा ती भीती थोडी ओसरली. आमच्या गिरणगावातून रत्नागिरीकडे, साताऱ्याकडे जात होती ती मनीऑर्डर. टपालखात्याने हे काम १८८० मध्ये हाती घेतले. तिच्या फॉर्मला खाली एक चिंचोळे कुपन असे. त्यावर चार ओळी मावत. बाळाचा वाढदिवस, म्हशीचे बाळंतपण, घराचे कौल सगळे त्या चार ओळींत. पोस्टमन पैसे मोजून देई आणि तेच वाचूनही दाखवी. फुले मात्र उलट्या दिशेने येत: वसईचा मोगरा आणि सोनचाफा पहाटेच्या लोकलने दादरला. गावाने फूल पाठवावे आणि शहराने पैसे पाठवावेत, ही आमची रीत होती. तारमास्तरांचा संप आपल्याकडेही झाला, १९०८ च्या वसंतात, रंगूनपासून मुंबईपर्यंत. त्याच साली जुलैत टिळकांच्या शिक्षेविरुद्ध गिरणी कामगार सहा दिवस बाहेर होते. १९४६ च्या जुलैतला पोस्टमनांचा संप तर देशभर गेला.

अमेरिकेतल्या त्या सहकारी संस्थेने १९६५ मध्ये नावातला ‘टेलिग्राफ’ शब्द काढला. १९९४ मध्ये ती खाजगी भांडवलाला विकली गेली आणि २०१९ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. वेस्टर्न युनियनची शेवटची तार २००६ ची, आपली २०१३ ची. तार गेली, रीत राहिली. आज तळेगावच्या काचघरांतला गुलाब फेब्रुवारीत विमानाने परदेशी जातो, आणि पुण्यातला मुलगा मोबाइलवरून लातूरच्या आईला फुले पाठवतो. तेथे लातूरचाच कोणी फुलवाला ती बांधतो आणि लातूरचाच एखादा पोरगा दुचाकीवरून नेतो. ‘गिग कामगार’ म्हणून अशांचा उल्लेख आपल्या कायद्यात प्रथम आला तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत. राजस्थानने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी निराळा कायदा केला.

हल्ली वाढदिवसाची फुले रात्री बाराच्या ठोक्याला दारात लागतात. हे काम करणारा एक मुलगा मध्यंतरी युनियनच्या कचेरीत आला होता. पगार दर खेपेमागे, पेट्रोल त्याचे, पिशवी आणि टी-शर्टाचे पैसे पहिल्या कमाईतून कापलेले. आम्ही त्याला न्यूयॉर्कच्या १९१० च्या कायद्याची हकीकत सांगितली. त्याने ती नीट ऐकली आणि म्हणाला, “काका, रात्रीची बंदी नका मागू. रात्रीचा दर मागा.”