नो ग्रोथ

आमच्या धाकट्या मामाचं ओटीपोट गेली काही वर्षं दुखतंय. लघवीला जळजळ, बसलं की कळ. प्रोस्टेट ग्रंथीला सूज, एवढं कळलं. पण कल्चरचा रिपोर्ट दर वेळी एकच: 'नो ग्रोथ'. एक डॉक्टर म्हणाले, "मनाचे खेळ आहेत." दुखण्यापेक्षा या वाक्यानेच मामा जास्त खचला. (हे त्याला विचारूनच लिहितोय, नातेवाईक मंडळींनी फोन करू नयेत!)

म्हटलं, या 'नो ग्रोथ'चा इतिहास तरी बघू.

१९६८ साली मेअर्स आणि स्टेमी या अमेरिकन डॉक्टरांनी चार नमुन्यांची तपासणी सुचवली: सुरुवातीची लघवी, मधली, ग्रंथी दाबून काढलेला स्राव आणि त्यानंतरची लघवी. जंतू नेमका कुठला, ते त्यावरून ठरवायचं. गंमत म्हणजे बहुतेक रुग्णांत नेहमीचे जंतू सापडतच नाहीत.

मग न सापडणारे जंतू? क्लॅमिडिया फक्त जिवंत पेशीतच वाढतो. चीनमध्ये तांग फेइफान यांनी त्याला कोंबडीच्या अंड्यात वाढवलं, ते १९५७ साली प्रसिद्ध झालं. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नाही, त्यामुळे पेनिसिलिन त्याच्यापुढे हतबल. त्याचा भाऊबंद युरिआप्लाझ्मा शेपर्डना दिसला १९५४ साली. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम तर १९८० साली सापडला, तोही मूत्रमार्गाला सूज असलेल्या १३ पैकी फक्त दोघांत. नेहमीच्या प्लेटवर यांच्यातलं कुणीच उगवत नाही.

मी उड्या मारत मामाला फोन करणार होतो. पण थांबलो. युरिआप्लाझ्मा निरोगी माणसातही सापडतो, आणि ग्रंथीचा स्राव मूत्रमार्गातूनच बाहेर येतो. जंतू दिसला म्हणजे गुन्हेगार सापडला असं नाही. २००४ साली १९६ रुग्णांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा आठवडे सिप्रोफ्लॉक्सासिन देऊनही दुखण्यात म्हणावा असा फरक पडला नव्हता.

म्हणजे 'जंतू नाही, म्हणून आजार नाही' हे जितकं घाईचं, तितकंच 'अजून एक अँटिबायोटिकचा कोर्स करून बघू' हेही.

एक गोष्ट मात्र आवडली. १९९५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या आजाराचं नवं वर्गीकरण केलं, तेव्हा एका प्रकाराच्या नावातच 'दुखणं' घातलं. जंतू सापडो न सापडो.

मामाला एवढंच सांगितलं. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे दुखतंय हे खरं ना?"

"खरं."

"मग झालं."

असो.