विवाहवेदीजवळचीं फुलें

आपल्या धर्मग्रामांत फुलांवांचून विवाह झाल्याचें क्वचितच ऐकूं येतें. वधूच्या केसांत, वराच्या कोटावर, वेदीच्या दोन्ही बाजूंस फुलें असावयाचींच. तथापि हीं फुलें ख्रिस्तमंदिरांत सहजासहजीं शिरलेलीं नाहींत, हें थोड्यांसच ठाऊक असेल. कोणतीं फुलें ख्रिस्ती वधूस शोभतात, असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. त्याचें उत्तर या इतिहासांतच सांपडतें.

प्राचीन रोमन लोकांत वधूवरांच्या मस्तकीं फुलापानांचे मुकुट घालण्याची चाल होती. तसेच मुकुट देवतांच्या मूर्तींसही घालीत. म्हणून आरंभींच्या ख्रिस्ती लेखकांस ते रुचले नाहींत. कार्थेजच्या तर्तुलियननें इ. स. २११ च्या सुमारास मुकुटांविरुद्ध एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पुढें चौथ्या शतकाच्या उत्तरार्धांत संत योहान क्रिसोस्तोम यांनीं त्याच विवाहमुकुटास निराळा अर्थ दिला: वासनेवर मिळविलेल्या विजयाची ती खूण होय. ८६६ सालीं पोप पहिले निकोलस यांनीं बल्गेरियाच्या लोकांस पाठविलेल्या उत्तरांत, दांपत्य मस्तकीं मुकुट धारण करून मंदिरांतून बाहेर पडतें व ते मुकुट मंदिरांतच जपून ठेवलेले असतात, असा उल्लेख आहे. पूर्वेकडील ख्रिस्तसभांत विवाहाचा मुकुटविधि आजही चालू आहे. अर्थात् वस्तु तीच राहिली; अर्थ पालटला.

नारिंगाच्या शुभ्र फुलांची कथाही अशीच आहे. १० फेब्रुवारी १८४० रोजीं इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनें आपल्या विवाहांत तीं मस्तकीं माळलीं, आणि तीं युरोपीय वधूचें भूषण ठरलीं. परंतु नारिंग मूळचें आशियाचें. अरबांनीं तें सिसिली व स्पेन येथें नेलें; त्याचें युरोपीय नांवही संस्कृत 'नारंग' शब्दापासूनच फारशी व अरबी मुखांतून तिकडे गेलें. जें फूल आपण पाश्चात्त्य म्हणून नांवाजतों, तें आपल्याच बाजूचें निघालें! उलट, जो झेंडू आपण अस्सल देशी समजतों, तो मेक्सिकोचा, निशिगंधही तेथलाच.

असें असतां आपल्या लोकांच्या मनांत देशी फुलांविषयीं संकोच कां असावा? याचें एक कारण इतिहासांत आहे. १७३६ सालीं गोव्याच्या इन्क्विझिशननें काढलेल्या आज्ञापत्रांत ख्रिस्ती विवाहांतील अनेक देशी चालींवर बंदी घातली. फुलें, पान व सुपारी हींही तींतून सुटलीं नाहींत. तें न्यायासन १८१२ सालीं बंद झालें. भीति मात्र उरली. मोगऱ्याची वेणी माळल्यानें विश्वासास बाध येतो, असें मानणारीं घरें अजून आहेत. आणि परदेशीं फुलांकरितां कर्ज काढणारींही आहेत. वसईच्या वाड्यांतून मोगरा व सोनचाफा दादरच्या बाजारीं जावा, आणि त्याच वाडीच्या कन्येस तो वर्ज्य असावा, हें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

फुलें निवडतांना कांहीं गोष्टी ध्यानीं असाव्या. मोगऱ्याच्या कळ्या भल्या पहाटे, उमलण्यापूर्वीं खुडाव्या, केळीच्या सोपटानें ओवाव्या व केळीच्या पानांत गुंडाळून ठेवाव्या. सायंकाळीं त्या आपोआप उमलतात. सोनचाफा हाताळल्यानें काळवंडतो. त्यास फार स्पर्श करूं नये. अबोलीस सुवास नाहीं, परंतु तिचा रंग व टवटवी पुष्कळ वेळ टिकते. लिलीचे परागकोश आधींच काढावे, नाहीं तर पांढऱ्या वस्त्रावर पिवळे डाग पडतात. लांब दांड्याचीं फुलें तिरकस छाटून पाण्यांत ठेवावीं. वेदीवर फुलांची दाटी नसावी. तीं वेदीच्या सभोंवतीं, बेतानें मांडावीं. आगमनकाळांत सजावट माफक असावी, आणि प्रायश्चित्तकाळांत आनंदाचा रविवार, महोत्सव व सण यांवांचून वेदी फुलांनीं सजवूं नये, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. विवाहाची तिथि ठरवितांना तो विसरूं नये.

विधि संपल्यावर पुष्पगुच्छ पवित्र मरियेच्या चरणीं ठेवण्याची चाल कित्येक ठिकाणीं आहे. ती आम्हांस फार प्रिय आहे. तेथें गुलाब व मोगरा यांत भेद उरत नाहीं. विवाह होणाऱ्या आमच्या तरुणतरुणींस आमचें एवढेंच सांगणें कीं, फुलें आपल्या अंगणांतलीं घ्या, ऋण काढूं नका, आणि त्या फुलांस अर्थ तुमच्या संसारानें द्या.