राखीव नावांचा इतिहास

राकेश शर्मा हे नाव माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला येतं. त्याच्या शेजारी मी रवीश मल्होत्रा हे नाव फळ्यावर लिहिते. आपल्या अंतराळवीरांच्या निवडीचा इतिहास या दुसऱ्या नावाशिवाय अपुरा आहे.

सोव्हिएत संघाने भारतीय माणसाला सोबत न्यायची तयारी दाखवली, तेव्हा निवडीचं काम हवाई दलाकडे आलं. वैमानिकांच्या कडक तपासण्या बंगळूरला झाल्या. बंद जागेची भीती वाटते का, हे पाहायला शर्मांना ७२ तास एका खोलीत कोंडून ठेवलं होतं. १९८२मध्ये दोघे निवडले गेले: स्क्वाड्रन लीडर शर्मा आणि विंग कमांडर मल्होत्रा. मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत दोघेही रशियन शिकले, दोघांनीही पूर्ण प्रशिक्षण घेतलं. ३ एप्रिल १९८४ रोजी बैकानूरहून सोयूझ टी-११ झेपावलं, तेव्हा आत शर्मा होते. मल्होत्रा राखीव होते, म्हणजे ऐन वेळी शर्मांना ताप जरी आला असता, तरी त्या आसनावर बसायला सज्ज. सरकारने शर्मांना अशोकचक्र दिलं, मल्होत्रांना कीर्तिचक्र.

पुढच्या निवडीत तर कोणालाच जायला मिळालं नाही. अमेरिकेच्या स्पेस शटलमधून इन्सॅट-१सी उपग्रहासोबत एक भारतीय जाणार होता. इस्रोने आपले दोन अभियंते निवडले, एन. सी. भट आणि पी. राधाकृष्णन. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर कोसळलं, सात जण गेले आणि भारतीयाची फेरी रद्द झाली. उपग्रह १९८८मध्ये एरियान रॉकेटने गेला; माणसं जमिनीवरच राहिली.

गगनयान या भारताच्या स्वतःच्या मानवी अंतराळमोहिमेसाठी हवाई दलातलेच चार चाचणी-वैमानिक निवडले गेले: प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप, शुभांशू शुक्ला. २०२०मध्ये ते रशियात प्रशिक्षणाला गेले. नावं मात्र २७ फेब्रुवारी २०२४ रोजी थुंब्यात जाहीर झाली. चौघेही, शर्मांसारखेच, आमच्या पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या एनडीएत घडलेले. जून २०२५मध्ये शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा राखीव होते नायर.

एका माणसाला वर पाठवायचं, तर तितकाच तयार दुसरा माणूस खाली उभा असावाच लागतो. त्यानेही तीच वर्षं, तेच कष्ट दिलेले असतात. त्याचं नाव पाठ्यपुस्तकात यायलाच हवं.