कमोडचा वाकडा नळ : दोन इंच पाण्याची कहाणी

न्हाणीघराची फरशी बदलायची म्हटली की आधी कमोड उचलावा लागतो. अमेरिकेतली प्लंबरची मजुरी पाहता आपल्यापैकी बरेच जण हे काम स्वतःच अंगावर घेतात. 'कमोड उचलताच नळाचे तोंड बंद करा' अशी सूचना सर्वत्र असते. तिच्यामागे दोनशे वर्षांहून जुना इतिहास आहे.

इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचा धर्मपुत्र सर जॉन हॅरिंग्टन याने १५९६ मध्ये पाण्याने धुतल्या जाणाऱ्या संडासाचे वर्णन छापले. पण खालची दुर्गंधी अडवायला त्यात एका झडपेपलीकडे काही नव्हते. खरी युक्ती सुचली ती लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीला. १७७५ मध्ये त्याने पेटंट घेतले, त्यात नळाला वाक दिला होता. त्या वाकात थोडे पाणी कायम साठून राहते. मैला पुढे जातो, पण गटारातला वायू मागे येऊ शकत नाही. हाच आपला 'ट्रॅप'. मुंबईच्या घरांतला 'नहाणी ट्रॅप' त्याच तत्त्वावर चालतो, आणि त्या नावातली न्हाणी तर आपलीच!

पुढे लंडनमध्ये असे संडास वाढले, पण मैला जाऊन पडे थेम्स नदीत. १८५८ च्या उन्हाळ्यात तर पार्लमेंटमध्ये बसवेना. मग जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरकडे भुयारी गटारांचे काम सोपवले गेले. दुर्गंधीमुळेच पटकी होते, असा तेव्हाच्या बहुतेक डॉक्टरांचा समज होता. जॉन स्नो याने १८५४ मध्ये दोष पाण्याचा असल्याचे दाखवले, तरी तो समज लवकर गेला नाही.

वासाने पटकी होत नाही हे खरे. पण गटाराचा वायू निरुपद्रवीही नाही. त्यात मिथेन असतो, तो पेट घेतो. हायड्रोजन सल्फाइड तर विषारीच. प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. आपल्याकडे गटारात उतरणाऱ्या सफाई कामगारांचे बळी हेच वायू घेतात. २०१३ च्या कायद्याने अशा कामाला मनाई केली, तरी ते मृत्यू थांबलेले नाहीत.

आता आपल्या कमोडकडे वळू. हा ट्रॅप चिनी मातीच्या भांड्यातच घडवलेला असतो. म्हणजे कमोड उचलला की दोन इंच पाण्याचा पहारेकरीही उठला आणि गटाराचे तोंड घरात उघडे पडले. म्हणून पाणी बंद करावे, फ्लश करून उरलेले पाणी स्पंजने टिपून घ्यावे, टाकी आधी सोडवावी आणि भांडे दोघांनी मिळून उचलावे. लगेच नळात जाडजूड फडके कोंबावे, ते आत घसरणार नाही इतके मोठे हवे. खिडकी उघडी ठेवावी, ज्योत पेटवू नये. ब्लीच आणि ॲसिडचे क्लीनर एकत्र करू नयेत, त्यातून क्लोरीन निघतो. घर १९८० पूर्वीचे असेल तर जुन्या टाइल्समध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. तपासून घेतल्याशिवाय त्या खरवडू नयेत. बसवताना मेणाची रिंग नवीच घ्यावी आणि फडके आठवणीने काढावे!

टाकीच्या आत किंवा झाकणाखाली पुष्कळदा तारीख उठवलेली असते. ती १९९४ च्या आधीची निघाली तर कमोड एका फ्लशला बहुधा साडेतीन गॅलन किंवा जास्त पाणी घेत असेल. १९९२ च्या कायद्याने ही मर्यादा १.६ गॅलनवर आणली. तेव्हा जुना पुन्हा बसवण्यापेक्षा नवा आणलेला बरा.

आणि एक. महिना-दीड महिना भारतात राहून परतल्यावर बेसमेंटमध्ये वास आला तर घाबरू नये. बहुधा तिथल्या मोरीच्या ट्रॅपमधले पाणी सुकलेले असते. बादलीभर पाणी ओतावे, की पहारा पुन्हा सुरू!