कंपन्यांचा दर आणि किनाऱ्यावरील उत्पादक : कुडाळ, वेंगुर्ले व मालवण परिसराचा ऐतिहासिक अभ्यास (१६३७ ते १९३०)

प्रस्तावना :

व्यापारी कंपन्यांचा इतिहास आपल्याकडे प्रामुख्याने वखारी, तह आणि लढाया यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. कंपनीला माल पुरविणारा शेतकरी, विणकर किंवा मिठागरावर राबणारा श्रमिक या इतिहासात अभावानेच भेटतो. वस्तुतः कंपनीच्या सत्तेचा पहिला अनुभव त्याला मालाच्या दरातून येत असे. प्रस्तुत शोधनिबंधात आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवर बलाढ्य व्यापारी सत्तांच्या दराचा दाब कसा पडला आणि तत्कालीन राज्यकर्त्यांनी त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा विचार केला आहे.

वेंगुर्ल्याची डच वखार :

१६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीच्या संमतीने वेंगुर्ले येथे वखार घातली. पोर्तुगीजांच्या गोव्याची समुद्रमार्गे नाकेबंदी करणाऱ्या डच आरमाराला अन्नसामग्री, पाणी आणि बातम्या पुरविणे हे या वखारीचे मोठे काम होते. या वखारीच्या इमारतीचे अवशेष आजही वेंगुर्ल्यात उभे आहेत. गोव्याची नाकेबंदी संपल्यावर कंपनीच्या दृष्टीने वेंगुर्ल्याची निकडही ओसरली. एकाच मोठ्या ग्राहकावर विसंबलेल्या बंदराचे भवितव्य त्या ग्राहकाच्या गरजेवर अवलंबून राहते, हे यावरून लक्षात येते.

याच कंपनीची दरनीती मलबारात अधिक स्पष्टपणे दिसते. १६६३ मध्ये कोचीन जिंकल्यावर डचांनी तेथील राजांशी करार केले. मिरी केवळ कंपनीलाच, तीही ठरलेल्या दराने द्यावी, असे त्यांचे स्वरूप होते. हा दर खुल्या बाजारापेक्षा कमी असल्याने मिरी आडवाटेने घाटापलीकडे व इतर बंदरांकडे जाऊ लागली. करार राजांनी केले, परंतु त्यांचा भार वेलीची निगा राखणाऱ्या उत्पादकावर पडला. पुढे १७४१ मध्ये कोळाचल येथे त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्याने डचांचा पराभव केला. मात्र त्रावणकोरनेही मिरीचा व्यापार सरकारी मक्त्यात घेतला. म्हणजे कंपनीचा दाब हटला तरी उत्पादकाला दर ठरविण्याचा अधिकार मिळाला नाही.

कुडाळ सुभ्यातील मिठाचा प्रश्न :

कोकणातील दरसंघर्षाचे महत्त्वाचे उदाहरण शिवाजी महाराजांच्या पत्रव्यवहारात आढळते. १६७१ मध्ये महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना मिठाच्या जकातीविषयी पत्र पाठविले. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशात मीठ स्वस्त मिळत असल्याने व्यापारी तिकडे वळत होते. परिणामी स्वराज्यातील संगमेश्वर बाजूचे मीठ पडून राहण्याची भीती निर्माण झाली. बारदेशी मिठावर अशी जबर जकात बसवावी की सर्व खर्च धरून ते संगमेश्वराच्या मिठापेक्षा महाग पडावे, असा या आज्ञेचा आशय आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. बारदेशातील पोर्तुगीज सत्ता ही कंपनी नव्हती. तेथे व्यापार आणि राज्य एकाच छत्राखाली होते. तथापि स्वस्त दराने शेजारच्या उत्पादकाचा बाजार ओढून घेण्याची प्रक्रिया दोहोंकडे सारखीच आहे. शिवाय या आज्ञेमागे केवळ प्रजेचे हित होते असे म्हणणे एकांगी ठरेल. व्यापारी परमुलखात गेले तर जकातीचे उत्पन्न बुडते, हाही विचार त्यात होता. मिठागरे चालू राहणे आणि खजिन्यात भर पडणे या दोन्ही गोष्टी येथे परस्परपूरक होत्या. म्हणूनच हा उपाय व्यवहार्य ठरतो.

आज्ञापत्रातील टोपीकर :

दराच्या पाठीशी उभ्या असलेल्या सत्तेची जाण रामचंद्रपंत अमात्य यांच्या ‘आज्ञापत्रा’त दिसते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, करवीर राज्याच्या छत्राखाली लिहिल्या गेलेल्या या ग्रंथात सावकारांना राज्याची शोभा मानून त्यांचा सांभाळ करण्यास सांगितले आहे. मात्र इंग्रज, डच, फ्रेंच, पोर्तुगीज आदी टोपीकरांना अमात्यांनी निराळे काढले. त्यांच्या मागे त्यांचे राजे आहेत, आरमार आणि दारूगोळा हे त्यांचे बळ आहे. म्हणून त्यांना समुद्रकिनारी वखारीसाठी जागा देऊ नये, असा त्यांचा सल्ला आहे. सामान्य व्यापारी तोटा आला की हटतो. पाठीशी राज्य असलेला व्यापारी तोटा सोसून प्रतिस्पर्ध्याला बाजारातून घालवू शकतो. अमात्यांनी हे अर्थशास्त्राच्या परिभाषेत मांडले नसले, तरी त्यांच्या विवेचनातून हाच निष्कर्ष निघतो.

प्लासीच्या लढाईनंतर (१७५७) बंगालमध्ये या भीतीचे प्रत्यंतर आले. इंग्रज कंपनीचे गुमास्ते विणकरांच्या हाती बळेच आगाऊ रक्कम ठेवत आणि बाजारभावापेक्षा कमी दराने कापड घेत. १७७२ मध्ये विल्यम बोल्ट्स या कंपनीच्याच माजी नोकराने या पद्धतीची माहिती प्रसिद्ध केली. एकदा उचल घेतली की दुसऱ्या ग्राहकाला माल विकण्याची मुभा विणकराला उरत नसे.

जकातीचे बदललेले स्वरूप :

इंग्रजांनी १७६५ मध्ये सिंधुदुर्ग किल्ला काही काळ जिंकून त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले होते. १८१२ मध्ये करवीरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले कायमचे त्यांच्याकडे गेले. आता व्यापारी कंपनीच या किनाऱ्याची राज्यकर्ती झाली. १८३७ मध्ये मुंबई इलाख्यात मिठावर मणामागे आठ आणे कर बसला आणि १८४४ मध्ये तो एक रुपया झाला. या वाढीविरुद्ध सुरतेत दंगा उसळला. १६७१ ची जकात बाहेरच्या स्वस्त मिठापासून स्वराज्यातील मिठाला संरक्षण देण्यासाठी होती. कंपनीचा कर खुद्द मुलखातील मिठागरावरच बसला आणि त्याचा भार खाणाऱ्याच्या माथी आला. मे १९३० मध्ये वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा येथे झालेल्या मिठाच्या सत्याग्रहाला ही दीर्घ पार्श्वभूमी आहे.

निष्कर्ष :

१) बलाढ्य ग्राहकाचा किंवा विक्रेत्याचा दर हा केवळ मागणी व पुरवठा यांतून ठरत नाही. तोटा सोसण्याची ताकद आणि राजसत्तेचा आधार हेही त्याचे घटक असतात.

२) आगाऊ रक्कम आणि एकाच ग्राहकाशी बांधणारा करार या दोन साधनांनी उत्पादकाची दुसरी वाट बंद होते. मलबारात आडवाट शिल्लक होती तोवरच मिरी उत्पादकाला काही मोकळीक राहिली.

३) राज्याचा हस्तक्षेप उपयुक्त ठरतो की जाचक, हे तो कोणाच्या हितासाठी आहे यावर अवलंबून असते. जकातीचे साधन तेच होते, हेतू मात्र पालटला.

सिंधुदुर्गातील आंबा, काजू आणि मासळी यांच्या व्यवहारातही उचल देणारा व्यापारी आणि दर ठरविणारा मोठा खरेदीदार अपरिचित नाही. वेंगुर्ल्याची वखार आज भग्नावस्थेत असली, तरी तिने उपस्थित केलेला प्रश्न संपलेला नाही. उत्पादकाला दुसरा ग्राहक उपलब्ध आहे काय, आणि नसल्यास त्याच्या बाजूने कोण उभे राहणार, हे दोन प्रश्न प्रत्येक हंगामात विचारावे लागतील. या दिशेने स्थानिक दप्तरांचा अधिक अभ्यास होणे आवश्यक आहे.